तापाच्या आधीचे तीन दिवस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरातल्या घरात पसरणाऱ्या तापसर्दीच्या विषाणूंवर आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. लेख चांगला आहे, पण त्यातल्या एका शब्दाशी माझं भांडण आहे. 'एकाच छपराखाली राहणाऱ्यांना संसर्ग होणं अटळ असतं' असं एक वाक्य त्यात आहे. तो 'अटळ' मला दोन दिवस सलतोय. शिवाय सोबतच्या चौकटीतल्या सगळ्या सूचना 'ताप आला की' इथून सुरू होतात. आमच्या घरात जी माती खाल्ली गेली ती ताप यायच्या आधीच, म्हणून हे पत्र.

मी डॉक्टर नाही. अडतीस वर्षं एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात टाइमकीपर होतो. कोण किती वाजता आत आला, कुणाचं कार्ड कुणी पंच केलं, कुणाची सिक लीव्ह खरी आणि कुणाची लग्नाची, हे बघण्यात जन्म गेला. निवृत्त झाल्यावरही भिंतीवरच्या कॅलेंडरात बारीकसारीक नोंदी करायची खोड सुटलेली नाही. घरचे त्यावर हसतात. पण त्या खोडीमुळेच मला कळलं, की दोन वर्षांपूर्वी आमच्या घरात फ्लू कुणी आणला.

घरात आम्ही सात जण. मी, बायको, माझी थोरली बहीण आक्का, मुलगा, सूनबाई, नात आणि नातू. बुधवारी दुपारी नातवाला सणकून ताप भरला. तपासणीत इन्फ्लुएन्झा ए निघाला. गुरुवारी रात्री बायको आडवी झाली, शनिवारी सकाळी आक्का, रविवारी मुलगा. सूनबाई आणि नात वाचल्या. आक्काचं मात्र प्रकरण चिघळलं, न्यूमोनिया झाला आणि सहा दिवस हॉस्पिटलात काढावे लागले. बरी होऊन घरी आली, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचताना तुमचा जीव टांगणीला लागायचा.

आता कुणालाही विचारा, आजार कुणी आणला? नातवानं, शाळेतून. पोरं शाळेतून घरात आजार आणतात हे खरंच आहे, त्यामुळे कुणाला शंकाही आली नाही. पोरगं बिचारं स्वतःच म्हणत होतं, माझ्यामुळे आक्काआजीला झालं.

हॉस्पिटलात आक्काचा केसपेपर भरताना एका पोरसवदा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात पहिलं कोण आजारी पडलं? मी म्हटलं, नातू, बुधवारी. त्यांनी मान वर न करता पुढचा प्रश्न टाकला, 'त्याच्या आधी कुणाला नुसती सर्दी, घसा, अंगदुखी वगैरे?' मी नाही म्हणालो. मग बाहेर बाकावर येऊन बसलो आणि आठवलं. मला.

रात्री घरी गेल्यावर कॅलेंडर बघितलं. नातवाच्या तापाच्या आधीच्या रविवारी माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'घसा.' सोमवारी, 'अंग मोडून आलंय. कपाट हलवल्यामुळे?' प्रश्नचिन्हासकट. त्या आधीच्या शुक्रवारी आम्ही जुने सहकारी जमलो होतो. लहानशी खोली, बंद खिडक्या, पंधरा-वीस माणसं आणि तीन तास गप्पा. नंतर फोनवर कळलं, की त्यातले आणखी दोघं त्याच रविवार-सोमवारी झोपले होते. फ्लूचा विषाणू शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत एक ते चार दिवस जातात, सरासरी दोन. शुक्रवार ते रविवार मोजा.

मला ताप आलाच नाही. म्हाताऱ्या माणसांना फ्लूत ताप येईलच असं नसतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी चघळायची गोळी तोंडात टाकली आणि घरभर हिंडत राहिलो.

रविवार, सोमवार, मंगळवार, तिन्ही संध्याकाळी मी नातवाला अपूर्णांक शिकवत होतो. माझ्या पलंगावर, एकाच दिव्याखाली, एका वहीवर दोघांची डोकी. छेद सारखे करायचे कसे हे त्याला उमगत नव्हतं आणि मी तेच तेच, जरा आवाज चढवून, चाळीस चाळीस मिनिटं सांगत होतो. कंटाळला की तो कपाळ माझ्या खांद्यावर आपटायचा. खोकला एकदाही आला नव्हता मला. पण माणूस नुसता बोलला तरी तोंडातून बारीक थेंब उडतात, आवाज चढवला की जास्त. मोठे थेंब हातभर अंतरावर खाली बसतात. बारीक मात्र सिगारेटच्या धुरासारखे खोलीत तरंगत राहतात. विल्यम वेल्स नावाच्या संशोधकानं १९३४ साली हे मांडलं होतं, की थेंब हवेत वाळून इतके हलके होतात की खाली पडतच नाहीत. हवेतून प्रसार होतो हे कोरोनाच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेनं नीट कबूल करेपर्यंत २०२१ उजाडलं. तोवर आपण बाहेरून आलेल्या पिशव्या पुसत बसलो होतो.

फ्लूचा माणूस लक्षणं दिसायच्या साधारण एक दिवस आधीपासून दुसऱ्याला आजार देऊ शकतो आणि पुढे पाच-सात दिवस देत राहतो, त्यातही पहिले तीन-चार दिवस जास्त. आमच्या टाइम ऑफिसच्या भाषेत सांगायचं, तर लक्षणं लेट मार्क घेऊन येतात. विषाणूचं कार्ड त्याआधीच पंच झालेलं असतं. कोरोनाचंही तसंच होतं. ज्याचा ताप मोठा तो पहिला, असं घर धरून चालतं. आमच्याकडे सगळ्यांत मोठा ताप नातवाचा, म्हणून पहिलं नाव त्याचं लागलं.

पण खरी चूक पुढेच आहे, आणि ती लिहायला अजून जड जातं. आक्का आणि नातू मागच्या खोलीत झोपायचे. बुधवारी रात्री घरात बैठक झाली. आक्का वयानं सगळ्यांत मोठी, तिला जपायला हवं, यावर एकमत. बायको नातवाची शुश्रूषा करायला मागच्या खोलीत गेली आणि आक्काला तिच्या जागी माझ्या खोलीत आणलं. माझ्या पलंगापासून हातभर अंतरावर. डास नकोत आणि वारं लागायला नको म्हणून खिडकी मीच लावून घेतली. ती रात्र, गुरुवारची रात्र, शुक्रवारची रात्र. शनिवारी सकाळी तिला हुडहुडी भरली. ज्याच्यापासून वाचवायचं त्याच्याच खोलीत आम्ही तिला नेऊन ठेवलं होतं, आणि दार लावून घेतलं होतं!

माझी तपासणी कधी झालीच नाही. त्यामुळे हे सगळं कोर्टात टिकणार नाही. बायकोला माझ्याकडून झाला की नातवाकडून, तेही सांगता येणार नाही. पण तारखा एकमेकींना जोडून पाहिल्या, की माझ्या नावाशिवाय हिशेब लागत नाही.

आता 'अटळ'कडे येतो. आमच्या घरात सातांपैकी पाच पडले, पण मोजायचं तसं नसतं. आजार आणणाऱ्याला वगळायचं आणि उरलेल्यांपैकी किती जणांना झाला ते बघायचं. म्हणजे सहापैकी चार. हा असा हिशेब जगभर फार जुना आहे. इंग्लंडमधल्या सायरनसेस्टर गावातले डॉ. एडगर होप-सिम्पसन हे साधे फॅमिली डॉक्टर. त्यांनी आपल्या भागातल्या घराघरांच्या नोंदी ठेवून १९५२ साली आकडे छापले. आजार आधी न झालेल्या, एकाच घरात राहणाऱ्या शंभर जणांमध्ये गोवर ७६ जणांना लागत होता, कांजिण्या ६१ जणांना आणि गालगुंड ३१ जणांना. गोवर म्हणजे हवेतून पसरणाऱ्या रोगांचा बाप. तरी शंभरातले चोवीस त्या खेपेला सुटलेच.

कोरोनाच्या पहिल्या वर्षी जगभरातल्या ५४ अभ्यासांची एकत्र बेरीज झाली. त्यात घरातल्या शंभरातल्या सुमारे १७ जणांना लागण झालेली निघाली. नवरा-बायकोंत ३८, बाकीच्या नातलगांत १८. एकाच छपराखाली राहूनही कोण कुणाच्या किती जवळ किती वेळ असतो, त्यावर आकडा दुपटीनं फिरतो. पुढे ओमिक्रॉन आला तेव्हा घरातला आकडा ४३च्या आसपास गेला. अमेरिकेत टेनेसी आणि विस्कॉन्सिनमध्ये २०२० साली घरातल्या सगळ्यांचे नमुने रोज घेतले, तेव्हा ५३ टक्के निघाले. रोज शोधलं तर जास्त सापडणारच, हे कुठलाही टाइमकीपर सांगेल. पण त्या अभ्यासातला दुसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ज्यांना लागण झाली त्यांच्यातल्या तीन चतुर्थांश जणांची ती पहिल्या माणसाला लक्षणं दिसल्यापासून पाच दिवसांच्या आत सापडली होती. म्हणजे तपासणी करायची का, रिपोर्ट कधी येणार, यात दोन-तीन दिवस घालवले तर निम्मा खेळ आटोपलेला असतो.

बीजिंगमधल्या १२४ कुटुंबांचा अभ्यास तर मी कापून ठेवला आहे. पहिल्या माणसाला लक्षणं दिसायच्या आधीपासून घरात मास्क वापरणाऱ्या कुटुंबांत लागण ७९ टक्क्यांनी कमी होती. लक्षणं दिसल्यावर मास्क चढवला, त्यांना म्हणावा तसा फायदा दिसला नाही. आणि एका टेबलाशी जेवणं, एकत्र टीव्ही बघणं अशी रोजची जवळीक होती, तिथे धोका अठरा पट. आता कुणी बारा महिने घरात मास्क लावून बसणार नाही, मीही बसणार नाही. पण 'ताप आला की मास्क लावा' या सूचनेला उशीर झालेला असतो, हे तुमच्या चौकटीत यायला हवं होतं.

आमच्या दोघी कशा वाचल्या? सूनबाई पहिल्या मिनिटापासून मास्क लावून नातवाजवळ बसत होती आणि झोपायला हॉलमध्ये, उघड्या खिडकीखाली. तिच्या सासूनं मास्क लावला नाही, 'माझ्याच नातवाला घाबरू का?' म्हणाली. नात त्या दिवसांत कानात इयरफोन घालून अभ्यासासाठी बाल्कनीतच असायची. आम्ही तिला माणूसघाणी म्हणत होतो. दोघींचं नशीबही असेल. सगळेच रुग्ण सारखा विषाणू सोडत नाहीत, आणि मागच्या एखाद्या फ्लूची थोडी प्रतिकारशक्ती अंगात असू शकते.

त्यानंतर मी एक उद्योग केला, तो सांगतो. मागच्या खोलीचं दार बंद केलं म्हणजे आजार आत कोंडला, अशी आमची समजूत होती. तुमच्या लेखातही तसंच आहे. मी वहीच्या पातळ कागदाची बोटभर रुंद पट्टी कापली आणि दाराच्या खालच्या कडेला चिकटवली, फटीसमोर लोंबेल अशी. मग पॅसेजमध्ये पालथा पडून बघत बसलो. आतली खिडकी जराशी उघडी होती. दर थोड्या वेळानं पट्टी फुगून पॅसेजकडे येत होती. खिडकीतून वारा आला, की खोलीतली हवा दाराखालून आमच्याकडे ढकलली जात होती. मग खिडकीत टेबलफॅन ठेवला, तोंड बाहेरच्या बाजूला. फॅन लावताच पट्टी आत खेचली गेली आणि दारापलीकडे ताणून उभी राहिली. आता घरची हवा खोलीत जात होती आणि खोलीतली हवा खिडकीवाटे बाहेर. फॅनचं तोंड आत फिरवून बघितलं, पट्टी पुन्हा माझ्या नाकावर. छताचा पंखा नुसती हवा घुसळतो, बाहेर काही घालवत नाही, हेही तेव्हाच नीट डोक्यात शिरलं.

हवा किती वेळा बदलते, यावर सगळं आहे. तासाला सहा वेळा बदलली, तर आजारी माणूस खोलीतून गेल्यावर ९९ टक्के कण निघून जायला ४६ मिनिटं लागतात. दोनच वेळा बदलली तर १३८ मिनिटं, म्हणजे सव्वादोन तासांहून जास्त. आणि बंद खिडक्यांच्या खोलीत तासाला एकदा बदलली तरी पुष्कळ. मी आणि आक्का तशाच खोलीत तीन रात्री घोरत होतो.

पुसापुशीबद्दल थोडंच लिहितो. लेखात कड्या, रिमोट, मोबाइल पुसण्यावर एक अख्खा परिच्छेद आहे आणि खिडकीवर एक ओळ. हात धुवायलाच हवेत, त्याबद्दल वाद नाही. पण अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेनं २०२१ साली सांगितलं होतं, की कोरोनाचा विषाणू लागलेल्या एखाद्या वस्तूला हात लावला, तर त्यातून लागण होण्याची शक्यता साधारण दहा हजारांत एकाहून कमी. एवढी शक्ती माणसानं खिडकी उघडण्यात घालवावी, असं माझं मत.

या वर्षी पुन्हा प्रसंग आला. दरम्यान आक्कानं आणि मी फ्लूची लस घेतली होती, ती दरवर्षी घ्यावी लागते. घरात एक नियमही झाला होता, की घसा खवखवला तरी बोलायचं, कुणी हसणार नाही. एके संध्याकाळी नात म्हणाली, 'आजोबा, घसा.' एवढंच. ताप नाही, खोकला नाही. त्याच क्षणी ती मागच्या खोलीत गेली, टेबलफॅन खिडकीत बसला, जेवण दाराशी, बाहेर यायचं तर मास्क लावून. आणि आक्काला कुठंही हलवलं नाही. आधी प्रत्येकाला विचारलं, 'तुला काही होतंय का?' दोनदा विचारलं, कारण पहिल्यांदा सगळे नाहीच म्हणतात. मीही म्हणालो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी नातीला ताप आला. तिच्यानंतर फक्त मुलाला झालं. गाडीतून येताना तो त्याच दुपारी तिच्याशेजारी तासभर बसला होता, काचा वर करून. सहापैकी एक. हा पुरावा नाही, दोन वेळचे विषाणू वेगळे असतील, लसीचा वाटा असेल. पण मागच्या खेपेचे चार आणि या खेपेचा एक, हे दोन्ही आकडे माझ्या कॅलेंडरात आहेत, आणि 'अटळ' हा शब्द त्यांच्यात बसत नाही.

अडचणी मला ठाऊक आहेत. एकाच खोलीत पाच माणसं राहतात त्यांना वेगळी खोली कुठून येणार? त्यांनी निदान डोक्याला डोकं लावून झोपू नये, एकाचं डोकं तिकडे आणि दुसऱ्याचं इकडे, आणि खिडकी रात्रीही उघडी ठेवावी. तान्ह्या बाळाच्या आईला तर यातलं निम्मंही जमणार नाही, तिला मास्क आणि खिडकी एवढंच सांगावं. आणि घरात म्हातारं माणूस, गरोदर बाई किंवा दम्याचा पेशंट असेल, तर पहिल्या दोन दिवसांतच डॉक्टर गाठावा. फ्लूवरची औषधं ४८ तासांच्या आत सुरू झाली तर जास्त उपयोगी पडतात. आक्काच्या वेळी आम्ही 'बघू उद्या' म्हणत ते घालवले.

संपादक महाशय, चौकटीतल्या पहिल्या ओळीच्याही वर एक ओळ छापावी अशी विनंती आहे: 'घरात गेल्या तीन दिवसांत कुणाचा घसा खवखवला होता का, हे प्रत्येकाला विचारा.' बाकीच्या सूचना त्याखाली येऊ देत.

हे पत्र दोन दिवसांपासून लिहितोय. आज सकाळी कॅलेंडरावर आजच्या चौकोनात आक्काच्या अक्षरात 'घसा?' असं दिसलं. तिनं स्वतःच लिहिलं, स्वतःच मागच्या खोलीत गेली आणि आतून फॅन लावायला सांगितला. डॉक्टरांना फोन केला आहे, दुपारी तपासणी आहे. दाराखालची पट्टी आत खेचलेली आहे, ते मी आताच वाकून बघून आलो. आतून तिनं दोनदा विचारलं, की पत्रात माझं वय टाकलंयस का.

टाकलेलं नाही.

आपला,
एक निवृत्त टाइमकीपर